दिवाळीआधी एक पान कापायला द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही मुंबईतल्या बोर्डगेम कॅफेंवर अख्खं पान दिलंत ते वाचलं. लेख चांगला होता, फोटो पण मस्त, पण शेवटाकडे एक वाक्य येऊन गेलंय की हा छंद खर्चिक आहे, खेळातले छोटे पुतळे बाहेरून मागवावे लागतात आणि त्यामुळे साध्या घरातल्या पोरांच्या आवाक्यातला नाही. ते मला पटलं नाही म्हणून लिहितेय. नुसती तक्रार नाहीये, एक मागणी पण आहे, ती शेवटी आहे, छापा किंवा नका छापू पण तिथपर्यंत वाचा प्लीज.

मी गिरगावात एका प्रेसमध्ये डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. आणि सुट्टीच्या दिवशी काळाचौकीला आमच्या बिल्डिंगमधली पोरं आणि माझ्या वयाचे दोन-तीन जण मिळून आम्ही टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम खेळतो, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स वगैरे, एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, अडलं की फासे टाकायचे आणि मारामारी आली की नकाशावर छोटे छोटे पुतळे सरकवायचे. टेबल म्हणजे माझ्या काकूचं जेवणाचं टेबल, चारच्या चहाच्या आत रिकामं करून द्यायच्या अटीवर. यातले नकाशे, पात्रांची कार्डं, नवीन जागा, नवीन राक्षस, त्यांचे जादाचे नियम आणि सगळे पुतळे आम्ही घरी बनवतो. एकही पुतळा विकतचा नाही. कॅफेवाल्यांशी माझं काही भांडण नाही हां, प्लॅस्टिकचे पुतळे रंगवणं ही वेगळीच कला आहे आणि ज्यांना परवडतं त्यांनी जरूर करावं. पण त्याच्याशिवाय खेळ होत नाही असं पोरांना वाटायला नको एवढंच.

कारण हा खेळ सुरूच झाला तो घरगुती. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावात गॅरी गायगॅक्सने पहिली आवृत्ती काढली, नियम त्याचे आणि डेव्ह आर्नेसनचे, छापल्या फक्त १००० प्रती, आत तीन बारक्या पुस्तिका आणि ते खोके त्यांनी घरी बसून हाताने भरले. आमच्या प्रेसमध्ये यापेक्षा जास्त प्रती एका मुंजीच्या निघतात. आणि त्याहून मजेची गोष्ट त्यातल्या राक्षसांची आहे. गायगॅक्सला राक्षसांचे पुतळे बाजारात मिळेनात, तेव्हा त्याने स्वस्त खेळण्यांच्या दुकानातून हाँगकाँगला बनलेल्या प्लॅस्टिकच्या प्राण्यांचं एक पाकीट आणलं, डायनोसॉर म्हणून विकायचे पण त्यातला एकेक प्राणी असा चित्रविचित्र की तो नक्की काय आहे हे बनवणाऱ्याला पण सांगता आलं नसतं, आणि याने त्या प्रत्येकाला नाव दिलं, नियम लिहिले. लोखंडाला गंज चढवून तो खाणारा रस्ट मॉन्स्टर, अर्धं घुबड अर्धं अस्वल असलेला आउलबेअर, हे या खेळातले नावाजलेले राक्षस असे पाकिटातून आलेत. खेळणं आधी आलं, राक्षस नंतर!

आता आपल्याकडे बघा. दिवाळीच्या सुट्टीत चाळीच्या, बिल्डिंगच्या आवारात पोरं माती आणतात, पोती, विटा, दगड रचून किल्ला करतात, अळीव नाहीतर मोहरी पेरतात, दादरला जाऊन मावळे आणतात, तोफवाला, पहारेकरी, तुतारीवाला, गवळण, वाघ, आणि वर सिंहासनावर महाराज. यात महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात, वाघ मावळ्याएवढा असतो आणि तलावात प्लॅस्टिकचं बदक असतं, कोणाला काही वाटत नाही आणि वाटू पण नये. परदेशात या छंदातले लोक ज्याला टेरेन म्हणतात आणि थर्माकोल-फोम कापून महिनोन् महिने बनवत बसतात ते आपली शेंबडी पोरं चार दिवसांत उभं करतात. फक्त मग काय होतं, तर किल्ला झाला की त्याच्याकडे बघायचं, पणती लावायची, बक्षीस मिळालं तर मिळालं. त्याच्यावर खेळत कोणी नाही. मावळे मातीचे नाहीतर प्लास्टरचे, हलवले की हात तुटतो, म्हणून मोठी माणसं हात लावू देत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच किल्ल्यावर कागदी मावळे उतरवा, शंभर उतरवा, तुटला तर दुसरा छापा, आणि खेळा!

आता कागदी पुतळा म्हटलं की लोकांना वाटतं वहीच्या पानावर चित्र काढून कापलं झालं, ते दोन मिनिटांत पंख्याच्या वाऱ्याने पडतं आणि मग पोरं म्हणतात बोर आहे. त्यात थोडी कारागिरी आहे आणि ती प्रेसवाल्यांना आपोआप येते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एकाच पट्टीवर पुढची बाजू आणि मागची बाजू डोक्याला डोकं लावून काढायची, मागची उलटी, म्हणजे मधे डोक्यावर घडी घातली की पुढून चेहरा आणि मागून पाठ. खाली दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटरची जीभ सोडायची, ती बाहेर दुमडून तळाला चिकटवायची. कागद हवा २५० ते ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), झेरॉक्सचा ७०-८० चा नाही. आणि ग्रेन बघायचा. कागदाचे धागे एका दिशेने जातात, त्या दिशेने तो ताठ राहतो, तर पुतळ्यात धागे उभे हवेत नाहीतर मावळा दमट हवेत कमरेतून वाकतो, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर दमटच असतं सगळं. पण धागे उभे ठेवले की डोक्यावरची घडी धाग्याच्या आडवी पडते आणि तिथे कागद फुटतो, पांढरी रेघ दिसते, प्रेसमध्ये पत्रिकेचं पण हेच होतं, म्हणून दुमडायच्या आधी क्रीजिंग करतात. घरी संपलेलं बॉलपेन घ्यायचं, फूटपट्टी लावून दाबून रेघ मारायची आणि मगच घडी. ही एक गोष्ट केली तरी पुतळा दुकानातल्यासारखा दिसतो.

कापताना चित्राच्या अगदी कडेने जायचं नाही, भोवती दीड-दोन मिलिमीटर काळी किनार सोडायची. भाला आणि हात यांच्या मधली पोकळी कापायच्या भानगडीत पडू नये, ती काळीच ठेवायची, तीन फुटांवरून कोणाला कळत नाही. मग कापलेल्या कडांवर काळा स्केचपेन फिरवायचा म्हणजे कागदाचा पांढरा दिसत नाही. चिकटवायला फेव्हिकॉल पाण्याचा असतो, कागद सुरकुततो, ग्लू-स्टिक बेस्ट. लॅमिनेशन करू नये असं माझं मत आहे, ट्यूबलाइट चमकते, डिंक धरत नाही आणि पोरं त्याला जपायला लागतात, जपायला लागली की संपलं. इंकजेटच्या प्रिंटला ओला हात लागला की रंग पसरतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून कलर लेझर काढून आणावी, दहा-वीस रुपयांत एक ए-फोर निघतो आणि त्यात बारा पुतळे बसतात. दुकानदाराला एवढंच सांगायचं की बाबा फिट टू पेज करू नकोस, हंड्रेड पर्सेंट काढ, नाहीतर तो जरासं लहान करतो आणि तळाला काही बसत नाही. मी तर पानाच्या कोपऱ्यात पाच सेंटीमीटरची एक रेघ टाकून ठेवते, प्रिंट हातात आली की तिथेच पट्टी लावून बघायचं.

तळ म्हणून कॅरमच्या सोंगट्या. प्रत्येक घरात एक तरी कॅरम असतो ज्याची राणी हरवलीय आणि सोंगट्या डब्यात पडून आहेत. त्यांचा व्यास तीन सेंटीमीटरच्या जरासा वर, वजन चांगलं, पंख्याखाली हलत नाहीत, आणि काळ्या-पांढऱ्या असल्यामुळे दोन बाजू आपोआप वेगळ्या होतात. फक्त नेहमीच्या नकाशाचा चौकोन एक इंचाचा असतो त्यात ही सोंगटी मावत नाही, म्हणून आम्ही चौकोनच साडेतीन सेंटीमीटरचा आखतो. पुतळ्याची उंची या छंदात साधारण २८ मिलिमीटर धरतात, आम्ही ४० घेतो, कारण आठ वर्षांच्या पोराला कात्री चालवायची असते.

कार्ड आणायचं कुठून, तर लग्नपत्रिका. घरात जुन्या पत्रिकांचा ढीग असतोच, देवाच्या फोटोमुळे लोक टाकत नाहीत (तो भाग नीट कापून बाजूला ठेवावा, त्यावर राक्षस चिकटवू नये, आमच्याकडे एका आजींनी यावरून चांगलंच झापलंय). आतला कोरा भाग उत्तम जाड असतो. आणि गिरगावात खाडिलकर रोडला एवढी पत्रिकांची दुकानं आहेत, कटिंगमधून निघणाऱ्या पट्ट्या सगळीकडे रद्दीत जातात, नीट मागितलं तर पिशवीभर देतात.

फाशांचं पण तसंच. वीस बाजूंचा फासा नाही म्हणून खेळ अडतो असं पोरांना वाटतं. हाऊजीच्या पिशवीतले १ ते २० आकडे वेगळे काढा, एक उचला, बघा, परत टाका, झाला वीस बाजूंचा फासा, प्रत्येक आकडा यायची शक्यता तेवढीच. पण मला जास्त आवडतात त्या कवड्या. सहा कवड्या टाकल्या आणि उताणी-पालथी पडायची शक्यता सारखी धरली तर तीन उताण्या पडायची शक्यता ६४ पैकी २० येते आणि सहाच्या सहा उताण्या ६४ पैकी फक्त १. म्हणजे मधले आकडे सारखे सारखे, टोकाचे क्वचित. खेळ लिहिताना हा फरक फार कामाचा आहे, नशिबाची गोष्ट असेल तिथे हाऊजी आणि निसर्गाची गोष्ट असेल तिथे कवड्या, असं मी आता धरूनच चालते.

आता खरी गंमत. पुतळे झाले की पोरं विचारतात, ताई यांना करायचं काय? आणि इथे ते सप्लिमेंट प्रकरण येतं, म्हणजे मूळ नियमांना जोडायची आपली चार पानांची पुस्तिका, त्यात एक जागा, एक प्रसंग, दोन-चार जादाचे नियम. बाहेरची सप्लिमेंटं बर्फातल्या किल्ल्यांची आणि ड्रॅगनच्या गुहांची असतात, ती पण आम्ही खेळतो, पण आमचं सगळ्यात चाललेलं घरचं सप्लिमेंट खांदेरीचं आहे.

खांदेरी म्हणजे मुंबईच्या दक्षिणेला अलिबागजवळ थळच्या समोरचं बेट. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे. १६७९ मध्ये महाराजांनी मायनाक भंडारींना पाठवून तिथे तटबंदी घालायला घेतली. मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचा तळ होणार, म्हणून त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. आणि मराठ्यांच्या छोट्या होड्या रात्री त्या नाकेबंदीतून सुटून बेटावर माणसं, धान्य, सामान पोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ ला दौलतखानाच्या मराठी आरमाराने उघड हल्ला केला, इंग्रजांची डव्ह नावाची गुराब (शिडांचं लढाऊ गलबत) मराठ्यांनी धरली आणि इंग्रजांचा कॅप्टन केग्विन रिव्हेंज नावाचं मोठं जहाज घेऊन तेवढा टिकून राहिला. बेट शेवटी मराठ्यांकडेच राहिलं.

हे वाचताना मला पुस्तकात नियमच दिसत होते. मोठ्या जहाजाला तोफा जास्त पण वारा पडला की ते जागचं हलत नाही आणि उथळ पाण्यात येता येत नाही. छोटी होडी वल्ह्यांवर चालते, खाडीत शिरते, पण एक गोळा बसला की संपली. म्हणून आमच्या खेळात दर फेरीला आधी वारा, सहा कवड्या टाकायच्या, दोन किंवा कमी उताण्या पडल्या तर वारा पडला, रिव्हेंज थांबली. तीन-चार पडल्या तर सगळे आपापल्या चालीने. पाच-सहा पडल्या तर जोराचा वारा, जहाज दुप्पट पळतं आणि होड्यांनी खाडी गाठायची. तोफेचा नेम मात्र हाऊजीवर. मराठ्यांच्या प्रत्येक होडीखाली एक चिठ्ठी उलटी ठेवलेली असते, दगड, धान्य, माणसं किंवा काहीच नाही, आणि इंग्रजांना होडी अडवल्याशिवाय ती बघता येत नाही. ठरवलेले दगड बेटावर पोचले की तट पुरा झाला, मराठे जिंकले. रिकामी होडी मुद्दाम जहाजासमोरून हळूहळू न्यायची आणि भरलेली पलीकडून सटकवायची हे कोणी शिकवलं नव्हतं, बिल्डिंगमधल्या पाचवीतल्या एका मुलीने पहिल्यांदा केलं आणि आम्ही मोठे बघतच राहिलो.

यात एक अडचण येते ती सांगितलीच पाहिजे. इंग्रज व्हायला कोणी तयार नसतं. रडारड होते. त्यावर उपाय म्हणजे दोन डाव खेळायचे आणि बाजू बदलायच्या, दोन्ही डावांचे दगड मोजून कोण जिंकलं ते ठरवायचं, शिवाय इंग्रजांच्या बाजूला मजेचे नियम जास्त द्यायचे, तोफांचा आवाज तोंडाने काढायचा हक्क फक्त त्यांना. आणि दुसरं, महाराजांचा पुतळा पटावर ठेवायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. त्या लढाईत ते बोटीवर नव्हतेच, ते खलिते पाठवतात, म्हणजे मराठ्यांच्या बाजूला पाच कार्डं असतात, प्रत्येक कार्ड एकदाच वापरायचं. इतिहासाला पण धरून आहे आणि कोणाच्या फाशाने महाराजांना काही झालं असला नको तो प्रसंग पण येत नाही. मोठ्या माणसांनी पोरांसाठी खेळ लिहिताना हे भान ठेवावं असं मला वाटतं, नंतर भांडत बसण्यापेक्षा.

पुस्तिका छापायची तर एक ए-फोर मधे दुमडला की चार पानं होतात, दोन घेतले तर आठ, म्हणजे पानं चारच्या पटीतच येतात, आणि आठ पानी असेल तर बाहेरच्या कागदावर १ आणि ८ शेजारी येतात, त्याच्या मागे २ आणि ७. मधे दोन पिना. यापेक्षा मोठं करू नये. नियम चार पानांत मावत नसतील तर ते नियम जास्त झालेत. आणि लिहून झाल्यावर लेखकाने गप्प बसून दुसऱ्यांना नुसत्या पुस्तिकेवरून खेळू द्यावं, जिथे पोरं भांडतात तिथे पुस्तिकेत भोक आहे असं समजावं. आमच्या खांदेरीत "दोन होड्या एकाच जागी आल्या तर काय" हे वाक्य अशाच एका भांडणातून आलंय.

आता कायद्याचं, कारण हे विचारणारे भेटतातच. मूळ नियमांचा गाभा फुकट आहे. २०२३ च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, नियम इतरांना वापरू देणारा जुना परवाना बदलायचा घाट घातला होता, त्यावर जगभरच्या खेळणाऱ्यांनी एवढा गोंधळ केला की कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा हा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या खुल्या परवान्याखाली खुला करून टाकला. श्रेय दिलं की कोणीही त्यावर आपलं काही बांधू शकतं, विकू पण शकतं, मराठीत पण. चित्रांचं मात्र तसं नाही, गुगलवरून दिसलं ते उचललं हे चालत नाही, आमच्या धंद्यात ते सर्रास चालतं हे मला माहितीय आणि ते मला आवडत नाही. चित्रं स्वतः काढावीत, नाहीतर जुनी घ्यावीत. भारतात चित्रकार गेल्यावर ६० वर्षांनी त्याची चित्रं सगळ्यांची होतात. एम. व्ही. धुरंधर १९४४ ला गेले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले एवढे मोठे चित्रकार, आणि त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतली माणसं रेखाटून ठेवलीत, त्यांची पोस्टकार्डं निघायची, रस्त्यावरची माणसं, बायका, कामकरी. जुन्या मुंबईचं एखादं रहस्याचं सप्लिमेंट लिहायचं तर पात्रं तयारच आहेत, कापायची आणि उभी करायची.

पण माझं मत विचाराल तर कागदी पुतळ्याला फोटोसारखं चित्र शोभत नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजातले कलाकार चित्रकथी करतात, चित्र समोर धरायचं आणि गोष्ट गायची, तिथल्याच परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत बघा, माणूस बाजूने, डोळा मोठा, बाहेरची रेघ जाड, रंग सपाट. टेबलाच्या पलीकडून पण कोण कुठे बघतोय ते कळतं. पुतळ्याला नेमकं तेच लागतं, कारण खेळताना पहिला प्रश्न असतो की हा कोणाकडे तोंड करून उभाय. त्यांची चित्रं उचलू नका, पण बघून शिका.

तर आता मागणी. दिवाळीच्या आधीच्या दोन रविवारी तुमच्या पुरवणीत अर्धं अर्धं पान कापून उभ्या करायच्या पुतळ्यांना द्या. पहिल्या रविवारी मावळे, भालदार, तोफवाला, तुतारीवाला, खबऱ्या, होडीवाला. दुसऱ्या रविवारी होड्या, एक गुराब, एक मोठं जहाज आणि नियम, जेवढे बसतील तेवढे. अर्ध्या पानात वीस पुतळे आरामात बसतात, मी मांडणी करून बघितलीय. ज्या घरात प्रिंटर नाही, कॅफेत जायला पैसे नाहीत तिथे पण पेपर येतो, निदान शेजारी तरी येतो, आणि मावळे आणायला ज्यांना दादरला जाता येत नाही त्यांच्या किल्ल्यावर पण माणसं येतील.

तुमच्या छपाईवाल्यांसाठी चार गोष्टी. पेपरचा कागद ४५ जीएसएमच्या आसपास असतो, तो नुसता उभा राहणार नाही, म्हणून वर ठळक लिहावं लागेल की आधी अख्खा तुकडा जुन्या लग्नपत्रिकेवर ग्लू-स्टिकने चिकटवा आणि मग कापा, आणि चिकटवताना खळ वापरू नका, पेपर फुगतो. पुढची-मागची बाजू एकाच पानावर डोक्याला डोकं लावूनच द्यायची, पानाच्या दोन बाजूंना पुढचं-मागचं छापायचा प्रयत्न करू नका, ते कधी जुळणार नाही. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, त्यामुळे चेहऱ्यांचे रंग स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा फिके ठेवा नाहीतर सगळे मावळे काळवंडतील, आणि बाहेरची रेघ नुसत्या काळ्या शाईची ठेवा, चार रंगांची नको, रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर जुळून बसणं, केसभर हललं तरी दुहेरी दिसतं. पाच सेंटीमीटरची रेघ कोपऱ्यात हवीच.

आणि मागच्या पानावर शब्दकोडं ठेवू नका हो. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत ते कोडं आजोबा सोडवतात, सोमवारपर्यंत पुरवून पुरवून, आणि पोरं सकाळी सातला कात्री घेऊन बसलेली असणार. जाहिरात टाका, राशिभविष्य टाका, काय वाटेल ते टाका.

फाइल मी करून देते, तुमच्या मापात, फॉन्ट एम्बेड करून, मावळ्यांची चित्रं माझी स्वतःची आहेत त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. मानधन नको, नाव नाही छापलं तरी चालेल. दिवाळीच्या महिनाभर आधी कळवलंत तर बरं, कारण त्या सुमाराला आमच्याकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांचं काम सुरू होतं आणि मग मला मान वर करायला वेळ नसतो.

आपली,
एक वाचक, काळाचौकी, मुंबई